दिवस मावळायच्या आत

“आई, वरडू नको गं. त्याला नीट ऐकू येतं.”

जिनेश हसत होता. शालनबाई फोन तोंडासमोर धरून, पलीकडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारावी तशा बोलत होत्या. फोनमधला एआय असिस्टंट बिचारा शांतपणे ऐकून घेत होता.

समडोळीच्या घराच्या सोप्यात दुपारचं ऊन आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जिनेशला बेंगळुरूला परतायचं होतं. तिथं तो एक टूल तयार करत होता. असिस्टंट बोलायला पटाईत, पण कुठलं विमान कधी सुटतं याचा त्याला पत्ता नसतो. जिनेशचं टूल ती सगळी खबर विमान कंपन्यांकडून शोधून आणायचं आणि असिस्टंटच्या हाती द्यायचं. एक गोष्ट त्यानं त्यात फार जपून घातली होती. माणसाच्या मनात काय आहे ते उमगलं नाही, तर अंदाज बांधत बसायचं नाही, सरळ विचारून घ्यायचं.

आता आईला हे जमतं का, तेवढं बघायचं होतं. म्हणून त्यानं शब्दच देऊन टाकला होता. “पर्युषणाला मी येणार हाय ना, त्याचं तिकीट तूच काढ. तू सांगशील त्या इमानानं येतो.” आई स्वस्तातलं संध्याकाळचं विमान धरणार याची त्याला खात्री होती. म्हणजे परीक्षाही होणार आणि त्याची रजाही वाचणार.

असिस्टंट म्हणाला, “कोल्हापूरला संध्याकाळी उशिरा पोचणारं विमान सगळ्यात स्वस्त आहे. ते चालेल का?”

“नगं. दिवस मावळायच्या आत यायला पायजे.”

असिस्टंटनं लगेच दुसरं काढलं. हे विमान सूर्यास्ताच्या जरा आधी कोल्हापुरात उतरत होतं. त्या दिवशी सूर्य कधी मावळणार हेही टूलनं न सांगता शोधलं होतं. जिनेशला मनातून गुदगुल्या झाल्या.

“ह्येबी नगं,” शालनबाई म्हणाल्या. “कोल्लापुरात उतरून मला काय उपेग? घरात पायजे, घरात. दारात चपला काढताना उजेड पायजे.”

आता जिनेशच्या कपाळाला आठी पडली. म्हणजे दुपारचं विमान. म्हणजे त्या दिवशीचं काम बुडालं. “आई, मी कवा उजेडाचा आलोय का घरी? आत्ताच काय झालं?”

“रस्ता वंगाळ हाय.”

“रस्ता चांगला झालाय की आता.”

शालनबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

खरंच, तो कधी उजेडाचा आला नव्हता. वसतिगृहात असल्यापासून शनिवारचे तास संपवून गाडी धरायची, सांगली स्टँडवर उतरायचं ते दिवे लागल्यावर. वडील, अण्णा, स्कूटर घेऊन उभे असायचे. घरी चूल पेटलेली असायची ती फक्त त्याच्यासाठी, कारण त्यांच्या जैन घरात रात्रीचं कुणी जेवत नसे. सूर्य मावळला की मोठ्यांच्या तोंडात अन्नाचा कण जायचा नाही. गरम भाकरी, लोण्याचा गोळा, शेंगदाण्याची घट्ट आमटी. तो तव्यासमोर बसून हादडायचा आणि आई समोर बसून बघायची. “तुझं झालं?” तो विचारायचा. “कवाच,” ती म्हणायची आणि आणखी अर्धी भाकरी ताटात टाकायची.

कॉलेजातल्या इतर पोरांच्या आया लेक येईपर्यंत जेवायच्या थांबत. ती पोरं त्यापायी ओशाळायची, धावतपळत घर गाठायची. जिनेशला तो घोर कधी नव्हता. आपल्या आईला आपला धर्मच वेळेवर जेवायला घालतो, असं तो मित्रांना ऐटीत सांगायचा. आता अण्णा नव्हते, चुलीच्या जागी गॅस आला होता. पण त्या भाकरीची आठवण झाली की भर मीटिंगमध्येही त्याला भूक लागायची. जगात कुठंही गेलं तरी तसं सुख नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

“बरं, बघ तुझं तू,” तो जरा वैतागून म्हणाला आणि पाणी प्यायला आत गेला.

सोप्यात फोन बोलू लागला. “क्षमा करा, एक विचारू का? दुपारचं विमान महाग आहे. प्रवाशाला अंधाराच्या आत घरी पोचणं का गरजेचं आहे, हे कळलं तर मला नीट शोधता येईल. त्यांना रात्रीच्या प्रवासाचा त्रास होतो का?”

शालनबाईंनी आतल्या दाराकडं एकदा बघून घेतलं. मग आवाज खाली आणला, तोही एखाद्या वडीलधाऱ्याशी बोलावं तसा अदबीनं.

“आवं, त्याला कसला तरास? त्यो कवाबी येतोय. पन त्यो दारात आल्याबिगर माज्या घशाखाली घास उतरत न्हाई. आन् त्यो येतोय दिवस मावळल्यावर. मग कुठलं जेवान?”

आत जिनेशच्या हातातला तांब्या तोंडापाशीच थांबला.

“इतकी वर्सं काय वाटलं न्हाई बगा,” बाहेर शालनबाई फोनला सांगत होत्या. “पन आता वय झालं. त्यो येनार म्हटलं की घडतोय त्यो उपास झेपत न्हाई.”