परतीचं अंतर

पुलापर्यंत धावताना मनगटावरच्या घड्याळात पाच किलोमीटर भरायचे, त्याच रस्त्यानं परतताना मात्र रोज थोडे कमी. घड्याळाच्या नावानं बोटं मोडत मी मेव्हण्याला बोलावलं. तो रस्त्यांच्या मोजणीवर असतो.

त्याचं मोजणीचं चाक मीच पुलापर्यंत ढकलत नेलं आणि परत दारात आणलं. आकडा बघून त्याचा चेहरा उतरला.

"दाजी, चाक खोटं बोलत नाही. तुम्ही घरापर्यंत पोचतच नाही."

"अरे, दारात तर उभा आहे!"

त्यानं चाकावरचा आकडा माझ्यापुढे धरला.

आज धावून आलो, उंबऱ्याशी बूट काढले. बायको माझ्या आरपार रस्त्याकडे बघत होती.

"दार लावू नकोस गं," ती लेकीला म्हणाली. "बाबा वळणावर दिसतायत."

मी वळून पाहिलं नाही. मागून जवळ येणाऱ्या पावलांची लय मला पाठ होती.