मधल्या मजल्यावरची कविता

"अप्रतिम! लिफ्टचं प्रतीक काळजाला भिडलं," असं 'फुलपाखरू'ने लिहिलं आणि खाली तीन गुलाब ठेवले. फुलपाखरू हे टोपणनाव. माणूस पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवायचा.

चष्मेवाला हे लिफ्टच्या फरशीवर बसून वाचत होता. लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये थांबली होती. शनिवारची दुपार. पाचव्या मजल्यावरच्या साहेबांना नवा चष्मा नेऊन द्यायचा होता. 'निघालो, सोमवारी या' हा साहेबांचा निरोप तो आत अडकल्यावर आला. इमारतही आता सोमवारीच उघडणार होती. धोक्याच्या घंटेचं बटण त्याने दाबून पाहिलं. पंखा सुरू झाला.

फोन लागत नव्हता. निरोप तेवढे सरपटत जात होते. साहेब एव्हाना विमानात, फोन बंद. बायको मेहुणीबरोबर सिनेमाला गेलेली, तिचाही फोन बंद. धाकटा भाऊ निरोप वाचायचा, पण सवडीने. गेल्या महिन्यातल्या 'पोचलास का?'ला त्याने काल 'हो' म्हटलं होतं. उरला हौशी कवींचा गट. तिथे टाकलेल्या ओळीला चहा निवायच्या आत दाद मिळायची. म्हणून त्याने तिथे लिहिलं:

लिफ्टमध्ये अडकलोय.
चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये.
दवाखान्याशेजारची काचेची इमारत.
कोणीतरी या.

घाबरलेल्या अंगठ्याने प्रत्येक वाक्यानंतर नवी ओळ घेतली, एवढीच काय ती चूक. पण त्या गटात ओळी तुटल्या की कविता झाली, असा शिरस्ता होता.

"मध्यमवर्गाची नेमकी अवस्था! ना वर, ना खाली!" गटप्रमुखांनी लिहिलं. ते विमा एजंट होते. त्यांना मध्यमवर्ग कुठेही दिसायचा.

"कविता नाही हो, मी खरंच अडकलोय," चष्मेवाल्याने लिहिलं.

"ताकीद," गटप्रमुखांचं लगेच उत्तर आलं. "कवीने स्वतःच्या कवितेचा खुलासा करायचा नाही. नियम सगळ्यांना सारखा. पुन्हा केलात तर आठवडाभर गटाबाहेर."

चष्मेवाला गोंधळला. खुलासा केला तर जगाशी उरलेली एकमेव तार तुटणार होती. न केला तर बहुतेक 'आठवड्याची कविता' म्हणून निवड होणार होती. दाद येतच राहिली. तीन वर्षांत त्याने समुद्रावर भरपूर कविता केल्या होत्या. समुद्र त्याने पाहिलेला नव्हता. त्या सगळ्यांना मिळून एवढे गुलाब आले नव्हते.

"दादा, एकच सुचवतो," पुन्हा फुलपाखरू. "'काचेची' हा शब्द चष्म्याच्या माणसालाच सुचावा! पण शेवटची ओळ काढा. फार सरळ आहे. सगळं सांगून टाकते."

"सहमत," गटप्रमुख म्हणाले. "वाचकाला थोडं अधांतरी ठेवा."

चष्मेवाल्याने कविता पुन्हा वाचली. पटलं. अडकलेला तो होताच, पण कवीही होता. त्याने शेवटची ओळ काढली आणि तीनच ओळी पुन्हा गटात टाकल्या. टाळ्यांचा पाऊस पडला. त्याला क्षणभर फार बरं वाटलं. मग लिफ्ट जराशी हलली आणि बरं वाटायचं थांबलं.

तेवढ्यात कात्री आली. कात्री म्हणजे एक निवृत्त नर्स. सगळ्यांच्या कवितांची कापाकापी करायची म्हणून गटाने तिला हे नाव ठेवलं होतं. समुद्राच्या एकाही कवितेला तिने कधी 'वा' म्हटलं नव्हतं. आज तिने एवढंच लिहिलं: "ही कविता नाही."

चष्मेवाला ताडकन उभा राहिला. डोकं फिरलं त्याचं. आजच्या दिवशीसुद्धा?

"कशी नाही?" त्याने लिहिलं. "अनुभव अस्सल आहे. प्रतीक ताजं आहे. एक शब्द फालतू नाही. ताई, घरी पंख्याखाली बसून नाही लिहिलेली, प्रत्यक्ष आत बसून लिहिलीय!" इथे त्याने वर पंख्याकडे पाहिलं आणि 'पंख्याखाली' खोडलं. मग पाठवलं.

पडद्यावर राखाडी ओळ उमटली. गटप्रमुखांनी त्याला गटातून काढलं होतं.

आता फक्त पंख्याचा आवाज. चष्मेवाल्याने चारही भिंतींवर थापा मारल्या, ओरडून पाहिलं, घसा बसला. सोमवारपर्यंत पाणी नाही, काही नाही. करण्यासारखं काहीच उरलं नाही, तेव्हा त्याने साहेबांचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. जाड उणे नंबरचा होता. लिफ्ट आणखीच लहान दिसली. त्याने घाईघाईने तो उतरवला आणि गुडघ्यांत डोकं घालून बसला.

बऱ्याच वेळाने वर खडखडाट झाला. दार फाकलं. आधी चपला दिसल्या, मग वाकलेला रखवालदार.

"अहो, काय हे! कोणाला कळवायचं तरी!"

"कळवलं," चष्मेवाला म्हणाला. "कविता झाली."

रखवालदाराने त्याच्याकडे काळजीने पाहिलं. "मी शेजारच्या दवाखान्यात कंपाउंडरशी गप्पा मारत बसलेलो. तिथे एका बाईंचा फोन आला. एकेका दवाखान्याला फोन लावत होत्या म्हणे, तुमच्या शेजारी काचेची इमारत आहे का विचारत. काय ओरडल्या हो! म्हणे, तिकडे सगळे वा वा करत बसलेत आणि माणूस आत अडकलाय."

चष्मेवाल्याने साहेबांचा चष्मा उचलून खिशात ठेवला.

"आणखी काही म्हणाल्या?" त्याने हळूच विचारलं. "म्हणजे... एकूण?"

"हो, तुमच्यासाठी निरोप दिलाय. मला काही झेपला नाही." रखवालदाराने त्याला वर ओढायला हात पुढे केला. "म्हणाल्या, शेवटची ओळ काढायला नको होती."