अनोळखी नाळ

“यातला कुठला?” वहिनीने विचारलं.

नणंदेने भिंतीलगतच्या पिंजऱ्यावर बोट ठेवलं. “हा. पण पटकन बघून घे हं वहिनी. सर मीटिंगमधून कधीही येतील.”

उंदीर पांढरा होता, लाल डोळ्यांचा. पाठीच्या कण्याला मुद्दाम इजा करून त्याचे मागचे पाय लुळे पाडले होते, आणि मग त्याला पेशी टोचल्या होत्या. आता तो त्याच पायांवर उभा राहून नळीतलं पाणी पीत होता. सगळ्या उंदीरघराला त्याचं कोण कौतुक.

पेशी नाळेतल्या होत्या. नाळ वहिनीच्या बाळाची.

असल्या प्रयोगाला नाळ लागते ती अनोळखी बाईची. कुणाची, ते काम करणाऱ्याला कळता कामा नये, आणि घरातल्या माणसाची तर मुळीच चालत नाही. पण प्रसूतिगृहातून आलेल्या नाळांना एकामागून एक बुरशी लागली, डिग्रीची मुदत संपत आली, आणि नेमक्या तेव्हाच वहिनीला कळा सुरू झाल्या. दोन कळांच्या मधे नणंदेने विचारलं, “वहिनी, नाळ देशील का गं?” वहिनी घामाघूम झालेली, तरी हसली. “घे बाई. नाहीतरी फेकूनच देणार ते लोक.” डब्यावर हिने ‘अनोळखी’ लिहिलं आणि झाकण लावलं.

बाळ तीन दिवसांत गेलं. घरची माणसं त्याला पोचवून आली आणि नणंदबाई हातपाय धुऊन प्रयोगशाळेत पळाल्या, कारण पेशींचं खाद्य बदलायची वेळ झाली होती. पेशी मात्र अशा वाढल्या की विचारू नका. एका बशीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार.

हे सगळं हिने पोटात ठेवलं होतं. पण काल वहिनी न जेवता भिंतीकडे तोंड करून पडलेली पाहिली आणि हिला राहवलं नाही. “वहिनी, तो अगदीच संपला नाहीये गं,” ही बोलून गेली. “त्याच्या पेशी आहेत आमच्याकडे. जिवंत.” असलं सांत्वन शिकल्यासवरल्या माणसालाच सुचतं. सकाळी वहिनी चपला घालून दारात उभी.

वहिनीने जाळीला बोट लावलं. उंदराने ते हुंगलं. कित्येक महिन्यांनी वहिनीचा चेहरा जरा सैल झाला.

“आता बरा झाला म्हणजे सोडणार ना याला?”

नणंद पिंजऱ्यावरची चिठ्ठी सरळ करू लागली.

“काय गं?”

“आज कापायचेत, वहिनी. कणा बाहेर काढून बघावा लागतो, आत काय जुळलंय ते.”

“बऱ्या झालेल्यालाही?”

“बऱ्या झालेल्याला तर आधी.”

वहिनी काही बोलणार तेवढ्यात सर आले. माणूस हसतमुख, कुणालाही समजावून सांगायची हौस. वहिनीच्या अंगावर नणंदेचा जादाचा पांढरा कोट होता. सरांना वाटलं, असतील कुठल्या तरी कॉलेजच्या बाई.

“बघितलात आमचा हिरो? नाळेच्या पेशींची करामत आहे ही.”

“त्याच्या अंगात आहेत ना अजून त्या?” वहिनीने विचारलं.

“छे हो. पाहुण्यासारख्या असतात त्या. आल्या, काम केलं, दोन-तीन आठवड्यांत गेल्या. आता शोधून एक सापडायची नाही.”

वहिनीने जाळीवरचं बोट काढून घेतलं. नणंद फरशीकडे बघत राहिली.

“पण टाकीत गोठवून ठेवल्यात की भरपूर,” सरांना आता रंग चढला होता. “तुम्ही आम्ही जाऊ, त्या राहतील.”

“मग त्यातल्या थोड्या मला द्याल?”

सर हसले. “काय करणार तुम्ही त्यांचं?”

“घरी नेईन.”

सरांचं हसू थांबलं. त्यांनी एकदा वहिनीकडे पाहिलं, एकदा आपल्या विद्यार्थिनीकडे. माणूस काही खुळा नव्हता. “कोण गं या? तुझ्या कुणी लागतात का?”

वहिनीने नणंदेकडे पाहिलं. तिला फार काही नको होतं. हिने नुसतं नातं सांगितलं असतं तरी पुरे होतं. टाकीत जे काही उरलंय ते बाळाच्या आईला निदान मागता तरी आलं असतं. पण नातं सांगितलं की डब्यावरचं ‘अनोळखी’ खोटं ठरणार, सगळे उंदीर बाद, एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात, डिग्री गेली. हा सगळा विचार करायला हिला किती वेळ लागला? लागलाच नाही.

“नाही सर,” ही म्हणाली. “यांना उंदीरघर बघायचं होतं. चला मॅडम, वेळ झाली.”

मॅडम. परीक्षेच्या दिवसांत पुस्तकावरून मान वर न काढणाऱ्या या पोरीला जी हाताने घास भरवायची, ती.

वहिनीने कोट उतरवला, त्याची नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवला.

“येते मॅडम,” ती म्हणाली. “घरी सगळ्यांना माझा नमस्कार सांगा.”