डेमोचा तास

नेमणूक झाली असती, तर सुवार्ता उजागरेला जीवशास्त्र विभागाच्या दारावर नावाची पाटी मिळाली असती आणि तळमजल्यावरचं क्वार्टरही. मग आईला डायलिसिसला नेताना तीन जिने पाठुंगळी घेऊन उतरवावं लागलं नसतं. तासिका तत्त्वावर शिकवता शिकवता केस पिकले होते. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती.

म्हणून त्या ख्रिस्ती विद्यापीठातली तिच्या वर्गातली पोरं कामाला लागली. त्यांनी प्रभूवर भार टाकला, पण नुसता टाकून बसली नाहीत, धडाही घोकला.

निवड समितीसमोर शिकवून दाखवायच्या डेमोच्या तासाला सुवार्ताने फळ्यावर बेडकाचं हृदय काढलं. कप्पे किती, हे विचारायच्या आत “तीन!” असा गजर झाला. मगरीचं नावही निघालं नव्हतं, तोवर मागून कुणीतरी ओरडलं, “मॅडम, मगरीला चार!”

समितीचे अध्यक्ष बिशपसाहेब हसले. “बाई, वर्ग छान पढवून आणलात.”

नंतरच्या उमेदवाराच्या तासाला हीच पोरं ठरवून मुकी बसली. तो बिचारा तेच तेच पुन्हा समजावत राहिला, आणि समितीला त्याचा धीर दिसला. जागा त्याला गेली.

पोरं व्हरांड्यात तोंडं पाडून उभी होती. “मॅडम, आमचं काही चुकलं का?”

“नाही रे पोरांनो. एकही उत्तर चुकलं नाही.”

पोरं सुटली. झळ पोचली ती व्हरांड्यात नसलेल्या बाईला. डायलिसिसहून परतताना, लेकीच्या पाठीवर, दुसऱ्या जिन्याला आई म्हणाली, “टेकव गं मला जरा. तू दमलीस.”