चारशे चौकटी

कागदावर चौकटी असायच्या चारशे. उभ्या वीस, आडव्या वीस, मधोमध एक ठळक ठिपका. डावा डोळा हाताने झाकायचा, उजव्याने ठिपक्याकडे बघायचं आणि किती चौकटी दिसत नाहीत ते सांगायचं. उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आल्यापासून तिची सकाळ अशीच सुरू व्हायची.

कागद बाबा आखायचे. चाळीस वर्षं इमारतींचे नकाशे काढलेला माणूस. दवाखान्यातून मिळालेला छापील कागद त्यांनी पहिल्याच दिवशी चुरगाळला होता.

"रेघा आहेत की गांडुळं? छापणारा झोपेत होता वाटतं."

तेव्हापासून रोज नवा कागद, तोही पट्टी न लावता. पट्टी शिकाऊंना लागते, असं त्यांचं म्हणणं.

"बोल, ठमे."

"डावीकडे खाली रेघा वाकल्यात. आणि... नऊ नाहीत."

"काल सात होत्या."

"हो."

तिने हात काढायच्या आत बाबांनी कागद उचलला, मागे आकडा लिहिला, घडी करून खिशात घातला. मग चहा ओतला. निम्मा कपात, निम्मा बशीत. सदऱ्याची बटणंही एक घर चुकून लागली होती. माझ्या काळजीनं पार खचलेत, तिच्या मनात आलं.

दिवसभर सूक्ष्मदर्शकातून रक्ताचे नमुने तपासायचं तिचं काम. अशा डोळ्याने ते जमणार नव्हतं. राजीनाम्याचं पत्र तिने पिशवीत टाकलं आणि दोघं दवाखान्यात गेली.

डॉक्टरबाईंनी तिच्या डोळ्यात बराच वेळ पाहिलं.

"सूज उतरलीय. पडदा अगदी स्वच्छ आहे."

"मग रोज चौकटी कशा कमी होतायत?"

"कागद आणलाय?"

"आणलाय की!" बाबांनी खिसा चाचपला. "माझ्या हातची आखणी आहे, बाई. एक रेघ इकडची तिकडे निघाली तर नाव बदलेन."

डॉक्टरबाईंनी कागद पाहिला आणि तिच्याकडे सरकवला.

या वेळी तिने उजवा डोळा झाकला. चांगल्या डोळ्याने, बोट ठेवून, एकेक ओळ मोजत गेली. बाबा हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होते, तिच्या खांद्याच्या जरा पलीकडे नजर लावून.

तीनशे एक्क्याण्णव.