दुसरा घाणा

पहिला घाणा दगडासारखा कडक निघाला आणि अंबूबाईला बरं वाटलं.

तिनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. चुलीपुढं बसलेल्या गुणानं एक बिस्किट फुंकर मारून निववलं आणि मनूच्या हातावर ठेवलं. सहा वर्षांच्या मनूनं ते दाढेखाली धरलं, जोर लावून बघितला, आणि परत गुणाच्या हातात दिलं. मग ती अंबूबाईच्या पाठीला जाऊन बिलगली.

"मला आईचंच पायजे," ती म्हणाली.

आई म्हणजे अंबूबाई. मनूला जन्म दिला होता तो अंबूबाईच्या धाकट्या बहिणीनं, मालुबाईनं. मानमोडीच्या तापाच्या साथीत मालुबाई निपाणीत अंथरुणाला खिळली ती उठलीच नाही. त्याच साथीनं इकडं वडगावात अंबूबाईचं तान्हं पोरही नेलं. मालुबाईचा नवरा केदारी आईवेगळ्या लेकीला फडक्यात गुंडाळून घेऊन आला, तेव्हा अंबूबाईचं दूध अजून आटलं नव्हतं. तिनं पोर पदराखाली घेतली. पुढं तिची कूस पुन्हा उजवली नाही, आणि तिला त्याची खंतही वाटली नाही.

मनू पोटाची नाजूक. भाकरी तिच्या पोटात ठरत नसे, भात ठरला तर ठरला. एका वर्षी घरातला हातमाग बंद पडला, तेव्हा अंबूबाईचा नवरा अंबाजी लष्करी कॅंपातल्या पाव-बिस्किटांच्या भट्टीवर राबायला जायचा. तिथलं बघून त्यानं घरी रॉकेलचा डबा आडवा घालून, खाली-वर निखारे ठेवता येतील अशी भट्टी करून दिली. अंबूबाईनं साखरेच्या जागी मीठ घातलं. परसातल्या पानओव्याची पानं बारीक चिरून पिठात मिसळली. ती खारी बिस्किटं मनूला पचली. पोरगी त्यांच्यावरच बाळसं धरत गेली.

आता केदारीनं दुसरं लग्न केलं होतं. लेक आपल्या घरी असावी म्हणून तो नव्या बायकोला, गुणाला, घेऊन आला होता. दोघे साडू बाहेर कट्ट्यावर बसून होते. दुपारच्या मोटारीनं मनूला घेऊन निघायचं ठरलं होतं. लेक त्याची. नाही म्हणायला अंबूबाईला तोंड नव्हतं.

गुणा आल्याआल्या पदर खोचून म्हणाली होती, "आक्का, तेवढी बिस्किटं मला शिकवा."

अंबूबाईनं शिकवलं. लोणी किती, ताक किती, पानं कशी चिरायची, निखारा कधी विरळ करायचा, सगळं खरं सांगितलं. एकच गोष्ट उलटी सांगितली. "चांगलं रगडून मळ," ती म्हणाली. "भाकरीच्या पिठागत." पीठ रगडलं की बिस्किट चिवटतं आणि भाजल्यावर दगड होतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं मनाशी हिशेब केला होता. तिकडं मनू खाणार नाही. थोडी सुकेल. मग केदारीच तिला मुकाट्यानं परत आणून सोडील.

गुणानं ती कडक बिस्किटं एकेक करून ताटलीत गोळा केली. हातावर राखेचे डाग होते. वीस वर्षांचीही नसेल पोरगी. ती खाली बघूनच बोलली.

"आक्का, तिनं मला आई म्हणावं म्हणून न्हाय शिकत मी. न्हाय म्हटलं तरी चालंल. पर आमचा धाकटा भाऊ असाच गेला, अन्न ठरंना म्हणून. माझ्या मांडीवर गेला. तिकडं ही उपाशी निजली, तर मी काय करू?"

पाठीला बिलगलेल्या मनूचा हात अंबूबाईच्या गळ्यापाशी होता. तिनं तो हातात धरून बघितला. काडीसारखं मनगट. ‘थोडी सुकेल’ असं मघाशी ती किती सहज मनात म्हणाली होती. आता ते सुकलेलं पोर तिला डोळ्यांपुढं दिसलं.

"ऊठ. हात धू," ती गुणाला म्हणाली. "पीठ घे परत. लोणी चोळ, वाळूगत होऊ दे. आता ताक घाल. मळायचं न्हाय. बोटांनी नुसतं गोळा करायचं. रगडलं की बिघडलं."

गुणाचे हात परातीत थांबले. तिनं एकदा अंबूबाईकडं बघितलं. मग मान खाली घालून ती पीठ गोळा करू लागली.

अंबूबाईनं परातीला हात लावला नाही. डब्यावर निखारे ठेवले तेही गुणानंच. हळूहळू पानओव्याचा वास घरभर पसरला. मधेच मागापाशी खेळायला गेलेली मनू कुणी हाक न मारताच धावत आली आणि चुलीपुढं उकिडवी बसली.

गुणानं बिस्किट निववून तिच्या हातावर ठेवलं. मनूनं चावा घेतला. खुसखुशीत तुकडा तोंडात विरघळला. तिनं ते संपवलं, दुसरं उचललं, आणि भरल्या तोंडानं हसली.

"हेच ते," ती म्हणाली. "हे आईनं केलंय."

गुणानं मान वळवली. डोळ्यांना पदर लावला.

"व्हय गं. तुझ्या आईनंच केलंय," अंबूबाई म्हणाली, आणि हनुवटीला धरून तिनं मनूचं तोंड गुणाकडं फिरवलं.