जहाज येतंय ना?

खत कारखान्याच्या निर्यात विभागात ती अकरा वर्षं जहाजांचं वेळापत्रक सांभाळत होती. त्या सकाळी युरियानं भरलेलं एक जहाज भर समुद्रातून दुसऱ्याच देशाकडे वळवलं गेलं, कारण तिथे दर चढा मिळत होता.

"नव्या गिऱ्हाइकाची सही होईपर्यंत जुन्याला पत्ता लागू द्यायचा नाही," साहेबांनी बजावलं.

तेवढ्यात जुन्याचाच फोन आला. पलीकडे समुद्रापारच्या शेतकरी संघाचा म्हातारा सचिव होता.

"ताई, जहाज येतंय ना? येत असेल तर मका पेरतो. नसेल तर बिनखताचं कडधान्य पेरू, कसंबसं निभावेल. पण आजच ठरवायला हवं."

साहेब तिच्या टेबलाशीच उभे होते.

"येतंय, काका. आठ दिवसांत पोचेल."

"जीव भांड्यात पडला!" म्हणत म्हाताऱ्यानं फोन ठेवला.

साहेब मान डोलावून निघून गेले. त्यांची पाठ वळताच तिनं खरं सांगायला फोन लावला. तो व्यस्त होता. पुन्हा लावला. पुन्हा व्यस्त. जेवण नाही, पाणी नाही, ती दिवसभर वेड्यासारखी नंबर फिरवत राहिली.

संध्याकाळी एकदाचा फोन लागला. ती तोंड उघडणार, तोच म्हातारा म्हणाला, "माफ करा ताई, फोनला उसंतच नव्हती. तीनशे गावांना कळवलं, मक्याचं बी मातीत पडलंसुद्धा. कुणी शंका काढली, की मी फक्त तुमचं नाव सांगत होतो."